शंभरच्या शंभर लेखी : २०१९च्या दहावीतल्या एका मुलीचं प्रकरण

८ जून २०१९. दुपारी एक वाजता दहावीचा निकाल लागला आणि दीडच्या सुमारास तिचा मेसेज आला : ‘बाई, ६५.६०. बेस्ट ऑफ फाइव्ह धरून.’ म्हणजे सहापैकी सर्वांत जास्त गुणांचे पाच विषय धरून निघालेली टक्केवारी. पुढे काही नाही. एरवी एका वाक्याला चार वाक्यं जोडणारी मुलगी. मी फोन केला तर आईने उचलला. “बाई, ती पोटमाळ्यावर जाऊन बसलीय. जेवायलाही खाली येत नाहीये.”

मी लालबाग-काळाचौकी भागातल्या एका मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेत मराठी आणि इतिहास शिकवते. हे प्रकरण याच मुलीचं आहे. तिच्या आणि घरच्यांच्या परवानगीने लिहिते आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. आमच्या शाळेत नवीन शिक्षक आले की मी त्यांना हे प्रकरण सांगते. परीक्षा अवघड असते म्हणून मुलं वैतागतात, असं मला पंधरा-वीस वर्षं वाटत होतं. ते तसं नाही, हे मला या मुलीच्या वर्गाने दाखवलं.

मुलगी

वडील बेस्टमध्ये कंडक्टर, आई पोळी-भाजीचे डबे करते, दोन वर्षांनी धाकटा भाऊ. चाळीतली एकच खोली आणि वर पोटमाळा. अभ्यासाला ती गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाच्या अभ्यासिकेत जायची. आमच्या भागातली निम्मी मुलं असल्याच अभ्यासिकांमध्ये दहावी-बारावी होतात.

तिचं बोलणं हे तिचं बळ. आठवीत इतिहासाच्या तोंडीला मी तिला गिरण्यांबद्दल एक साधा प्रश्न विचारला होता. तिने १९८२च्या संपापासून सुरुवात केली. आजोबा कुठल्या खात्यात होते, संप लांबला तेव्हा आजीने भांडी कशी गहाण टाकली, गिरणीच्या जागी आता टॉवर आहे तर चाळीत पाणी किती वाजता येतं, असं सगळं एका धाग्यात ओवून तिने सांगितलं. मधली सुट्टी झाली तरी वर्ग उठला नाही.

लिहिताना मात्र हीच मुलगी अडायची. एकेक अक्षर कोरल्यासारखं काढायची, ओळ संपेपर्यंत विचार पुढे निघून गेलेला असायचा. निबंध नेहमी अर्धा राहायचा. उत्तरपत्रिकेत जेवढं लिहिलेलं असे तेवढं चोख असे, पण ते कधीच पूर्ण नसे. तिच्या वहीवर मी स्वतः चार वर्षं ‘लेखनाचा वेग वाढव’ असा शेरा मारत आले. वेग का वाढत नाही, हे मात्र मी कधी विचारलं नाही.

ते वीस गुण

मार्च २०१८च्या परीक्षेपर्यंत भाषा आणि सामाजिक शास्त्रांत ८० गुण लेखी आणि २० शाळेच्या हातात असत. तोंडी परीक्षा, गृहपाठ, प्रकल्प असं मिळून ते वीस. कागदावर रचना चांगली होती. वापर कसा झाला तेही सांगायला हवं : बहुतेक शाळा अठरा, एकोणीस, वीस असे गुण वाटून मोकळ्या होत. आम्हीही वाटले. २०१८ला राज्याचा निकाल ८९.४१ टक्के लागला आणि १२५ मुलांना शंभर टक्के पडले. गुणांची ही सूज उतरवावी असं कुणाला वाटलं असेल तर त्यात गैर नव्हतं.

म्हणून २०१९च्या परीक्षेला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे ते वीस काढून घेतले. गणित आणि विज्ञानाचे राहिले. त्याच वर्षी दहावीची पुस्तकंही नवी होती. राज्याचा निकाल ८९.४१वरून ७७.१० टक्क्यांवर आला. शंभर टक्केवाले १२५वरून वीसवर.

एवढ्यावर थांबलं असतं तर ही फक्त एका कडक वर्षाची गोष्ट झाली असती. पण मुंबईत अकरावीची यादी एकच लागते. त्या यादीत आमची मुलं, सीबीएसईची मुलं आणि आयसीएसईची मुलं टक्केवारीच्या उतरत्या क्रमाने एकाखाली एक येतात. त्या दोन्ही बोर्डांचे अंतर्गत वीस गुण जिथल्या तिथे होते. त्या वर्षी सीबीएसईचा दहावीचा निकाल ९१.१० टक्के होता, आयसीएसईचा ९८.५४. तीन तराजूंवर तोललेलं धान्य एकाच पोत्यात ओतावं तसं झालं.

मुंबईला हे भांडण नवं नाही. २००८ला वेगवेगळ्या बोर्डांचे गुण एका पातळीवर आणायला पर्सेंटाइलचं सूत्र आणलं, ते उच्च न्यायालयात टिकलं नाही. २००९ला राज्य मंडळाच्या मुलांसाठी नव्वद टक्के जागा ठेवायचा निर्णय झाला, तोही टिकला नाही. २०१०ला बेस्ट ऑफ फाइव्ह आलं. उच्च न्यायालयाने ते अडवलं, सर्वोच्च न्यायालयाने चालू दिलं. वेगवेगळ्या बोर्डांचे आकडे एका रांगेत कसे लावायचे, हा प्रश्न तेव्हापासून तसाच आहे. दरवेळी न्यायालयाच्या तारखांकडे डोळे लावून बसतात ती पंधरा-सोळा वर्षांची मुलं.

त्या वर्षी आम्ही काय केलं

जून २०१८मध्ये शाळा उघडली तेव्हा आम्ही दहावीला एका वाक्यात सांगितलं : यंदा तोंडी नाही, शंभरच्या शंभर लेखी. पोरांनी बाकं बडवली. तोंडीची धास्ती सगळ्यांनाच असते. तास संपल्यावर ती टेबलाशी आली.

“बाई, मग मी बोलायचं कुठे?”

मी म्हटलं, “जे बोलतेस तेच लिही.” मला ते उत्तर त्या वेळी शहाणपणाचं वाटलं होतं.

नोव्हेंबरमध्ये सहामाहीचे पेपर तपासताना आमच्या विज्ञानाच्या सरांनी तिची उत्तरपत्रिका माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, हा आळस नाही, हिला लिहिण्यातच काही अडचण असेल, तपासून घ्यायला हवं होतं. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र असलं तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो. पण त्यासाठी तपासण्या लागतात, त्यांना वेळ जातो आणि तोवर बोर्डाचे फॉर्म भरून झाले होते. मी तिच्या आईला भेटायला बोलावलं. “आमच्या पोरीत काही खोट नाही हो बाई,” त्या म्हणाल्या आणि डोळ्याला पदर लावला. मी विषय तिथेच सोडला. या प्रकरणात सगळ्यात मोठी चूक झाली ती इथे, आणि ती माझी होती. मुलगी पाचवीपासून आमच्याकडे होती. आठवीत जरी हालचाल केली असती तर हातात दोन वर्षं होती.

जानेवारीत बेस्टचा संप झाला, नऊ दिवस. आमची पूर्वपरीक्षा त्याच दिवसांत होती. वडील घरी, त्यांचे सहकारी खोलीत, पगार कापला जाणार की काय याची चर्चा रात्री उशिरापर्यंत. ती अभ्यासिका बंद होईस्तोवर तिथेच बसायची. प्रीलिमला मराठीत तिला शंभरपैकी ५४ पडले. शेवटची दोन पानं कोरी होती.

त्याच सुमाराला सरकारची कलचाचणी झाली, मोबाइलवर. तिचा कल निघाला कला आणि मानव्यविद्या. तो निकाल तिने वहीच्या पहिल्या पानावर चिकटवून टाकला. माटुंग्याच्या एका कॉलेजात कला शाखेत जायचं, तिथल्या वक्तृत्व मंडळात नाव घालायचं, हे तेव्हाच ठरलं.

निकालानंतरचा सोमवार

शाळा अजून उघडली नव्हती, पण दहावीची बारा-पंधरा मुलं आली. आपली आपण. मी वर्ग उघडून दिला. मला वाटलं होतं, नापास झालेली रडतील. ती आधीच पुढच्या तयारीला लागली होती : जुलैत पुरवणी परीक्षा, एटीकेटीत (एक-दोन विषय राहिलेले असताना) अकरावी मिळते का, फॉर्म कुठे भरायचा. त्यांचे प्रश्न सरळ होते आणि उत्तरंही सरळ होती.

राग होता तो पासष्ट ते पंच्याऐंशीमधल्या मुलांचा. त्यातला एक मुलगा तावातावाने म्हणाला, “पेपर कठीण होता त्याचं काही नाही बाई. कठीण तर कठीण. पण माझा मावसभाऊ सीबीएसईला आहे. त्याला शाळेने वीसपैकी वीस दिलेत. आम्हाला ते वीस नव्हतेच. मग आम्ही दोघं एका यादीत कसे?”

मला उत्तर देता आलं नाही. दुसरी एक मुलगी म्हणाली, “तुम्हाला जूनमध्ये माहीत होतं ना, बाकीच्यांचे वीस राहणार आहेत ते?”

माहीत होतं. म्हणजे कळण्यासारखं होतं. मी तिकडे लक्ष दिलं नव्हतं. मुलांना आम्ही नियम सांगितला होता, त्या नियमाचा त्यांच्या प्रवेशावर काय परिणाम होणार ते सांगितलं नव्हतं. तो हिशेब आमच्यापैकी कुणी केलाच नव्हता.

म्हणून त्या दिवशी केला. खडू तिच्या हातात दिला. ती तोवर काहीच बोलली नव्हती. तिने फळ्यावर गुण लिहिले : मराठी ६१, हिंदी ६४, इंग्रजी ४३, गणित ७१, विज्ञान ७४, सामाजिक शास्त्रं ५८. इंग्रजी वगळून पाच विषयांचे ३२८, म्हणजे ६५.६०. मग आम्ही जुन्या पद्धतीने मांडून पाहिलं. मराठीचे ६१ ऐंशीवर आणले की ४८.८ होतात, तोंडीला तिला १९ नक्की पडले असते. हिंदीचे ५१.२ आणि वर १८. सामाजिक शास्त्रांचे ४६.४ आणि वर १८. गणित-विज्ञान आहे तसं. बेरीज ३४६.४, टक्के ६९.२८.

साडेतीन टक्क्यांहून जास्त फरक. हा हिशेब ढोबळ आहे, लेखी पेपर ऐंशीचा असता तर तिला नेमके किती पडले असते ते कुणी सांगू शकत नाही. पण त्या आकड्याने एक काम केलं. ती फळ्याकडे बघत म्हणाली, “म्हणजे मी ढ नाही.”

दोन दिवसांत ती पहिल्यांदा एवढं बोलली होती.

प्रवेश

दुसऱ्या बोर्डांच्या मुलांचे फक्त लेखी गुण धरा, अशी मागणी त्या उन्हाळ्यात जोरात होती. तसं झालं नाही. खरं तर ते त्या मुलांवरही अन्यायाचंच झालं असतं. त्यांनी त्यांच्या नियमाने परीक्षा दिली होती. कॉलेजांमध्ये काही जागा वाढवल्या गेल्या. त्याच वर्षी, पुढच्या तुकडीसाठी, अंतर्गत वीस गुण परत आणायचा निर्णय झाला. २०२०चा निकाल ९५.३० टक्के लागला आणि शंभर टक्केवाले २४२ झाले. त्यात करोनामुळे रद्द झालेल्या भूगोलाच्या सरासरी गुणांचाही हात होता, तेव्हा सगळं श्रेय किंवा दोष वीस गुणांना देता येत नाही. पण तीन वर्षांत १२५, २० आणि २४२. महाराष्ट्रातली मुलं एका वर्षात अचानक मठ्ठ आणि पुढच्या वर्षी अचानक हुशार होत नाहीत.

वीस गुण परत येताहेत हे आमच्या मुलांना वर्तमानपत्रातून कळलं. एकाने मला कात्रणाचा फोटो पाठवला. खाली एकच शब्द होता : ‘फक्त आम्ही.’

माटुंग्याच्या त्या कॉलेजची यादी सदुसष्टच्या आसपास थांबली. तिला तिसऱ्या फेरीत घराजवळच्या एका कॉलेजात कला शाखा मिळाली. कॉलेज वाईट नव्हतं. तिथे वक्तृत्व मंडळ नव्हतं, एवढंच.

दोन वर्षांनी, त्याच घरात

प्रकरण इथे संपायला हवं होतं. पण २०२१चा उन्हाळा आला. ती बारावीला, भाऊ दहावीला आणि दोघांच्याही बोर्डाच्या परीक्षा करोनामुळे रद्द.

दहावीचं सूत्र असं होतं : नववीचे ५०, दहावीच्या वर्षातल्या लेखी चाचण्यांचे ३०, तोंडी-प्रात्यक्षिकाचे २०. राज्याचा निकाल ९९.९५ टक्के. भावाला ८४ पडले. चाळीत पेढे वाटले गेले आणि पेढा खाता खाताच कुणी तरी म्हणालं, यंदा काय, सगळेच पास. त्या पोराने उरलेला बॉक्स आईच्या हातात दिला आणि खाली निघून गेला.

अकरावीसाठी सीईटी, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा, जाहीर झाली होती : २१ ऑगस्ट, शंभर गुण, दोन तास, ओएमआर (पर्यायाचा गोल रंगवायची उत्तरपत्रिका). हा मुलगा त्या सीईटीवर खूश होता, हे ऐकून मला नवल वाटलं. बहिणीची जुनी पुस्तकं काढून तो रोज पहाटे बसत होता. “एकदा देऊन टाकतो बाई. मग कुणी काही बोलणार नाही.” १० ऑगस्टला उच्च न्यायालयाने सीईटी रद्द केली. आयसीएसईच्या एका मुलीच्या वतीने याचिका होती. तिचं म्हणणं, सीईटी राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर आहे, आम्ही तो शिकलोच नाही. २०१९मध्ये आमच्या फळ्यासमोर तो मुलगा जे म्हणाला होता, तेच आता समोरच्या बाजूने आलं होतं. आणि त्या मुलीचं म्हणणंही रास्तच होतं.

बारावीच्या सूत्रात तर २०१९ पुन्हा उगवलं. ३० टक्के दहावीचे, ३० अकरावीचे, ४० बारावीचे. दहावीचे म्हणजे सर्वांत जास्त गुणांच्या तीन विषयांची सरासरी. तिचा फोन आला, “बाई, ते परत आले.” आम्ही पुन्हा हिशेब केला. ७४, ७१ आणि ६४ धरले की वीस गुणांच्या भानगडीमुळे तिचं नुकसान अर्ध्या टक्क्याइतकंच निघत होतं. ते तिला पटलं, आणि ती शांतही झाली. पण तिच्या वर्गातल्या ज्या मुलांचे चांगले गुण भाषांमध्येच होते, त्यांचं तसं नव्हतं. परीक्षा एका वर्षाची असते असं आपण मुलांना सांगतो. या तुकडीला ती दोनदा पुरली.

त्या रात्री पोटमाळ्यावर दोघांचं भांडण झालं, ते आईने मला नंतर सांगितलं. भाऊ म्हणाला, “ताई, तुझे मार्क मिळवलेले आहेत, माझे दिलेले आहेत.” ती म्हणाली, “माझे काढून घेतलेले आहेत. तू कशाला रडतोस?” मग दोघंही बराच वेळ गप्प होती.

शाळेत काय बदललं

फार नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात आता दहावीच्या फळ्यावर गुणांची मांडणी लिहिली जाते : कुठल्या विषयाचे किती लेखी, किती शाळेचे, दुसऱ्या बोर्डांचे किती, अकरावीची यादी कशी लागते. एक अख्खा तास त्याला देतो. मुलं भरपूर प्रश्न विचारतात, आम्हाला काहींची उत्तरं शोधून आणावी लागतात. पालकांनाही तो तास खुला असतो.

आठवीत प्रत्येक मुलाचं दहा मिनिटांचं लेखन बघतो आणि तेच उत्तर तोंडी ऐकतो. दोन्हींत मोठी तफावत दिसली की पालकांना बोलावतो. आता मी ‘तपासणी’ हा शब्द पहिल्या भेटीत वापरत नाही. मुलाचं बोलणं आईला ऐकवते, मग वही दाखवते. बहुतेक आया स्वतःच विचारतात, “मग हे लिहिता का येत नाही?”

तोंडीच्या वीस गुणांचा पेच मात्र अवघड आहे. मी खरे १४ दिले आणि पलीकडच्या शाळेने सरसकट २० दिले, तर माझ्या मुलाचं यादीत नुकसान. एक आई मला म्हणाल्या होत्या, “तुमच्या खरेपणाची किंमत माझ्या पोराने का द्यायची?” आम्ही सध्या एवढंच करतो की तोंडीच्या तीन संधी देतो, सर्वांत चांगली धरतो, आणि प्रत्येक वेळी गुण का कापले ते मुलाला लिहून देतो. त्याने बहुतेकांचे गुण खरोखरच वाढतात. वेळ तिप्पट लागतो, आणि काही सहकाऱ्यांना हे अजिबात मान्य नाही. त्यांचंही चुकत नाही. वर्गात साठ मुलं असताना हे जमवणं सोपं नाही.

ती मुलगी बी. ए. झाली. बी. एड. च्या सीईटीत तिला उत्तम गुण पडले. ती परीक्षा संगणकावर असते, पर्याय निवडायचे असतात, हाताच्या वेगाचा प्रश्न येत नाही. “पहिल्यांदा पूर्ण पेपर सोडवला, बाई,” ती म्हणाली होती.

यंदा बी. एड. च्या आंतरवासितेसाठी, म्हणजे शाळेत शिकवण्याच्या सरावासाठी, ती आमच्याच शाळेत आली. डिसेंबरमध्ये नववीची इतिहासाची तोंडी मी तिला घ्यायला दिली आणि मागच्या बाकावर बसले. एक मुलगा उभा राहिला आणि काही बोलेचना. मान खाली, कान लाल. ती थोडा वेळ थांबली. मग त्याला म्हणाली, “लिहून देतोस का?” त्याने मान हलवली. तिने कागद दिला आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

वर्ग सुटल्यावर ती टेबलाशी बसून त्याचा कागद वाचत होती. वीसपैकी १५ लिहिले आणि शेऱ्याच्या रकान्यात, आपल्या त्या सावकाश, सुट्या अक्षरात, पाच कशाचे गेले ते लिहायला घेतलं. निम्म्यात थांबून तिने वर पाहिलं.

“बाई, हे त्याला उद्याच दाखवू ना?”

“आत्ता दाखव. तो खाली पाण्याच्या टाकीपाशी उभा आहे.”

तिने तो शेरा पुरा केला आणि कागद घेऊन जिन्याकडे गेली.